माळावरून पाण्यात

नगर जिल्ह्याला समुद्र नाही. कोकण म्हटलं की आम्हाला आधी घाट आठवतो. माळशेज उतरा, नाहीतर पुणं गाठून ताम्हिणी. दोन दिवसांची रजा असेल तर निम्मी गाडीतच संपते. पण काठाकाठाने गाडी हाकायची, होडीत बसायचं आणि रानातली जनावरं-पाखरं बघायची, एवढंच हवं असेल तर खाऱ्या पाण्याचाच हट्ट कशाला? पश्चिमेला अकोले तालुक्यात भंडारदऱ्याचं पाणी आहे, १९२६ साली पुरं झालेल्या विल्सन धरणामागचं. पूर्वेला शेवगाव-नेवाशाच्या कडेने जायकवाडीचा फुगवटा पसरलाय. दक्षिणेला कर्जत तालुक्याच्या पायथ्याशी उजनीचं पाणी येऊन टेकतं. बाहेरच्या लोकांच्या डोक्यात नगर म्हणजे शिर्डी, शिंगणापूर आणि पाण्याचे टँकर. जिल्हा अहिल्यानगर झाला तरी टँकर काही डोक्यातून जात नाहीत.

आम्ही दक्षिणेला गेलो ते सासूबाईंमुळे. त्यांचं माहेर भीमेकाठचं, उजनी धरणात गेलेलं. माहेरची माणसं वर नव्या गावठाणात राहायला गेली, पुढे पुण्याला पांगली, आणि सासूबाईंचं तिकडे जाणं हळूहळू थांबलं. ह्यांना फेब्रुवारीच्या शेवटी जोडून सुट्टी मिळाली. माझी मुलगी आणि दिरांचा मुलगा, दोघांनाही फ्लेमिंगो बघायचे होते. सासूबाई म्हणाल्या, "पाखरं तुम्ही बघा. मला नदी दाखवा."

सोलापूर रस्त्याला लागलो. दोन्ही अंगांना ज्वारीची काढणी चालली होती. आमच्याकडे रब्बीची ज्वारी हाताने उपटतात. बायका वाकून एका लयीत ताटं उपटत पुढे सरकत होत्या आणि मागे पेंढ्यांच्या ओळी पडत होत्या. हुरड्याचे दिवस सरले होते, तरी मिरजगावच्या अलीकडे एका शेताच्या बांधावर गाडी थांबवून सासूबाईंनी ओळख ना पाळख, तिथल्या बाईशी ज्वारीच्या भावावर गप्पा मारल्याच. तिथून कर्जत, आणि कर्जतजवळ रेहेकुरी.

रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य १९८० सालचं. क्षेत्र म्हणाल तर २.१७ चौरस किलोमीटर. ताडोबा करून आलेल्या माणसाला हा आकडा सांगितला तर तो हसेल. पण काळविटाला दाट जंगल नकोच असतं. त्याचा भरवसा डोळ्यांवर आणि पायांवर. धोका लांबून दिसला पाहिजे आणि धावायला मोकळं रान पाहिजे. त्यामुळे ज्याला आपण 'पडीक' म्हणून नाक मुरडतो तो मुरमाड माळ, गुडघाभर वाळकं गवत, मधूनच हिवर आणि बाभळी, हेच त्याचं घर. सरकारी कागदावरही असे माळ पडीकच ठरतात, आणि म्हणून ते कुठल्याही कामाला द्यायला कोणाला काही वाटत नाही.

ऊन कलायची वाट बघत निरीक्षण मनोऱ्यावर बसलो. पहिला अर्धा तास काहीच नाही. पोरं कंटाळली. मग दिसलं की समोरच्या गवतात जे मातीचे उंचवटे वाटत होते त्यांतले बरेचसे उंचवटे नव्हतेच. एकेक करून माद्या उठल्या. पिवळट तपकिरी रंग, बिनशिंगी, वाळक्या गवतात मिसळून गेलेल्या. आणि त्यांच्या एका अंगाला नर. पाठ काळी कुळकुळीत, पोट पांढरं, डोळ्यांभोवती पांढरी कडी, शिंगांना पीळ. पलीकडून एक अर्धवट काळा झालेला तरुण नर चरत चरत जवळ आला, तसा हा चालायला लागला. ती चाल विसरण्यासारखी नाही. नाक आभाळाकडे, शिंगं पाठीवर टेकलेली, कान मुडपलेले, शेपटी वर वळलेली, आणि पाय जणू मोजून टाकतोय. सोबत आलेला गावातला मुलगा हळूच म्हणाला, "आता बघा, भांडत न्हाई त्यो. निस्ता चालून दावतो." खरंच, तरुण नराने थोडा वेळ आव आणला, मग मान खाली घालून गवत खाण्याचं निमित्त करत मागे सरकला. तो काळा नर परत येऊन एका ठरावीक जागी उभा राहिला. तिथे लेंड्यांचा ढीग होता. एकाच जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकून नर आपली हद्द ठरवतो, आमच्याकडे बांधावर दगड रोवतात तसं.

खाली उतरलो तेव्हा कळप रस्ता ओलांडत होता. रस्ता म्हणजे गाडीची दोन चाकोऱ्या. एका मादीने कारण नसताना उसळी मारली, चारही पाय जमिनीपासून वर, आणि मग तिच्यामागच्या प्रत्येकीने नेमक्या त्याच जागी तशीच उसळी मारली. धूळ खाली बसेपर्यंत दिरांचा मुलगा बोलला नाही, आणि हा मुलगा एरवी झोपेतसुद्धा बोलतो.

२.१७ चौरस किलोमीटरमध्ये हे सगळे मावत नाहीत, हे कोणालाही कळेल. ते बाहेर पडतात आणि शेतात जातात. कर्जतच्या वाटेवर चहाच्या टपरीवर एक शेतकरी भेटले. आम्ही काळवीट बघून आलो म्हटल्यावर म्हणाले, "दिवसा सरकारची, रात्री आमच्या हरभऱ्यातली." राग होता, पण त्या रागात विष नव्हतं. विषय निघालाच म्हणून त्यांनी माळढोकाचं सांगितलं. माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं, सोलापूर आणि नगर मिळून ८,४९६ चौरस किलोमीटर, म्हणजे त्यात गावंच्या गावं, बाजारपेठा, रस्ते सगळं आलं. लोकांना घर बांधायची, जमीन विकायची चोरी झाली. पुढे ते क्षेत्र कापून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर पक्षीच दिसेनासा झाला होता. एवढ्याशा रेहेकुरीत काळवीट टिकलं आणि एवढ्या अफाट माळढोक अभयारण्यात माळढोक टिकला नाही. कागदावर रेघ किती लांब ओढली यावर जनावर जगत नाही, कोणीतरी रोज त्या गवतावर लक्ष ठेवावं लागतं, असं मला वाटतं. टपरीवरच्या त्या शेतकऱ्यांना वाटत होतं की माळढोक शहाणा होता, वेळेवर निघून गेला.

राशीनला देवीच्या देवळात थांबलो. इथल्या दीपमाळा हलवता येतात, हे ऐकून होतो. वर चढून आतून आडवी लाकडं धरून जोर लावला की एवढं दगडी बांधकाम जाणवेल असं डुलतं. तिथून पुढे अंधारातच भीमेवरचा पूल ओलांडला. सासूबाईंनी काच खाली घेतली. अंधारात पाणी दिसलं नाही, पण वास आला. गाळाचा, शेवाळाचा, माशांचा. "हा नदीचा वास नव्हे," त्या म्हणाल्या, "हा धरणाचा."

मुक्काम कुंभारगावात होता. हे गाव पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यातलं. भीमा इथे तीन जिल्ह्यांची शीव. या काठाला पुणे, त्या काठाला कर्जतमधून नगर आणि खाली करमाळ्यातून सोलापूर. मासेमारी करणाऱ्या घरांतली मुलं इथे पर्यटकांना होडीतून पाखरं दाखवतात, घरीच राहायची सोय करतात आणि जेवायला घालतात. आमच्या यजमानांनी रात्री विचारलं, "उद्या किती वाजता?" मी म्हटलं, सातला. ते म्हणाले, "सातला आलात तर पाखरं तुम्हाला बघतील. साडेपाचला उठा."

पहाटे काठावर थंडी होती. चपट्या बुडाची होडी, वल्ही आणि एक लांब बांबू. नावाड्याने आधी सगळ्यांना लाइफ जॅकेट घालायला लावली, सासूबाईंनासुद्धा, नऊवारीवरून. त्या कुरकुरल्या तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "आज्जी, कुगावचं ऐकलं न्हवं?" त्यानंतर कोणी कुरकुरलं नाही. २०२४ च्या मे महिन्यात कुगावहून कळाशीला जाणारी प्रवाशांची होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसं गेली. दोन्ही गावं याच पाण्याच्या काठावरची. रस्त्याने वळसा मोठा, पाण्यातून अंतर थोडं, म्हणून लोक वर्षानुवर्षं असेच ये-जा करायचे. धरणाचं पाणी सकाळी तळहातासारखं सपाट असतं, पण दुपारनंतर वारा उठला की मैलोन्‌मैल अडवायला काही नसतं. इथल्या होडीत बसायचं तर सकाळीच.

थोडं आत गेलो तसं पाणी उथळ झालं. वल्ही ठेवून नावाडी बांबूने रेटू लागला. पूर्वेला तांबडं फुटलं होतं. आधी आवाज आले, कुरवांची किरकिर, शेकाट्यांची टिकटिक, कुठूनतरी बदकांचा गलका. मग आकार दिसू लागले. सरळ रेषेत उडत गेलेले पट्टकदंब, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्यांचे. हे हंस हिमालयाच्या पलीकडून येतात, शिखरांवरून उडून, आणि आपल्या गाळात येऊन हरभऱ्यावर ताव मारतात. थापट्या बदकं चोच पाण्यात घालून गोल गोल फिरत होती. चित्रबलाक एका पायावर. हळदीकुंकू बदकांची जोडी. एका वाळक्या बाभळीच्या शेंड्यावर कैकर बसला होता, पायात मासा. ही बाभूळ पाण्याच्या मधोमध होती. झाड कधीच मेलं होतं, नुसता सांगाडा उरला होता.

सासूबाईंनी विचारलं, "इथं बांध होता का रे?"

नावाड्याने बांबू एका जागी टोचला, मग हातभर पलीकडे. पहिल्या जागी तो कमरेएवढाच गेला, दुसऱ्या जागी पार खाली. "बांधच हाय, आज्जी. खाली शेत हाय कुणाचं तरी."

उजनी १९८० मध्ये पुरी झाली. एकूण साठा ११७ टीएमसीच्या आसपास, आणि त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणजे कालव्यांतून बाहेर न काढता येणारा. म्हणूनच उन्हाळ्यात पेपरात 'उजनी मायनसमध्ये' अशी बातमी येते. टक्के शून्याच्या खाली जातात, आणि तरी नजर पोचेल तिथवर पाणी असतंच. सासूबाईंच्या आठवणीतली भीमा मात्र निराळी. उन्हाळ्यात वाळवंट उघडं पडायचं, त्यात टरबुजांच्या वाड्या लागायच्या. पैलतीरी जायला नाव असायची आणि नावाड्याला सुगीला धान्य द्यायचं. गाव उठलं तेव्हा त्या सासरी होत्या. देवांचं काय केलं हे त्यांना पत्राने कळलं. घरातल्या तुळशीचं काय केलं हे कोणी कळवलं नाही, असं त्या पाण्याकडे बघत म्हणाल्या. पळसदेवचं पळसनाथाचं जुनं दगडी देऊळ याच पाण्यात आहे. दुष्काळी उन्हाळ्यात पाणी ओसरलं की शिखर वर येतं आणि लोक बघायला गर्दी करतात.

रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, मात्र नव्हते. पोरांचे चेहरे उतरले. नावाडी म्हणाला, "पाऊसकाळ झाला न्हवं औंदा. पानी खाली जाईना. गाळ उघडा पडल्याबिगर ती येत न्हाईत."

इथेच मला या पाण्याचं गणित उलटं लागलं. आपल्या लेखी धरण भरलं की वर्ष चांगलं. सोलापूरचा, पंढरपूरचा, कालव्यावरचा माणूस टक्के वाढायची वाट बघतो. रोहिताला टक्के उतरायला हवेत. त्याची चोच उलटी करून, डोकं खाली घालून, गाळाचं पाणी गाळून खायला बनलेली. चोचीच्या आत बारीक दाते असतात, पाणी बाहेर जातं, शेवाळ आणि बारीक जीव आत राहतात. त्यासाठी पाणी त्याच्या पायांच्या उंचीचं हवं. भरल्या धरणात त्याच्या लेखी दुष्काळच. त्यात आणखी एक वाटेकरी आहे. पाणी मागे सरलं की उघडी पडलेली जमीन लोक पेरतात, तिला गाळपेर म्हणतात. ज्यांची शेतं धरणात गेली त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना चार महिन्यांपुरती का होईना, तीच काळी माती परत हाताला लागते. तिथे हरभरा उगवतो, कलिंगडं लागतात. म्हणजे पाखराला हवा तो गाळ आणि माणसाला हवा तो गाळ एकच. कोणाची बाजू घ्यायची ते मला अजून ठरवता आलेलं नाही. सासूबाईंनी केव्हाच ठरवलं होतं. त्या म्हणाल्या, "आधी ज्याचं शेत गेलं त्याचं."

आणखी खूप आत, डिकसळच्या अंगाला, एका गाळाच्या जिभेवर शेवटी ते सापडले. थवा मोठा नव्हता. लांबून नुसती गुलाबी-पांढरी कड दिसत होती. नावाड्याने बांबू काढून घेतला आणि होडी वाऱ्यावर सोडून दिली. हळूहळू सरकत आम्ही इतकं जवळ गेलो की पायांनी गाळ ढवळण्याचा बुळबुळ आवाज ऐकू येऊ लागला. एकजण एका पायावर गोल फिरत होता, दुसऱ्या पायाने गाळ घुसळत होता. त्याच्या मागे गाळात एक गोल खड्डा झाला होता, पाणी भरलेला. मुलीने कागदावर तो खड्डा काढला, पक्षी काढलाच नाही.

तेवढ्यात पलीकडून इंजिनाची होडी आली. वर मोबाइल उंच धरलेली मंडळी आणि गाणी. त्यांना उडता फ्लेमिंगो हवा होता. होडी सरळ थव्यावर घातली. थवा आधी चालू लागला, मग धावू लागला, पाण्यावर पाय आपटत, मान पुढे काढून, आणि मग उठला. पंख उघडताच आतला लालभडक रंग दिसला आणि क्षणभर मलाही छान वाटलं, हे खोटं कशाला बोलू. पण आमचा नावाडी खाली बसून राहिला. "कच्छला जायाचंय त्यास्नी अजून," तो म्हणाला. कच्छच्या रणात यांची वीण होते. तिथे पोचायला अंगात चरबी लागते. ती या गाळात मिळते, आणि प्रत्येक फोटोला थोडी खर्च होते. पैसे देऊन होडीत बसताना 'उडवून दाखवा' असं म्हणणारं गिऱ्हाईक असतं, आणि त्याला नाही म्हणणारा नावाडी त्या दिवसाची कमाई गमावतो. म्हणून म्हणते, दोष इंजिनाला देण्याआधी गिऱ्हाइकाला द्यावा.

परत येऊन जेवायला बसलो. चिलापी तळलेली आणि रश्शातली, बाजरीची भाकरी, ठेचा. चिलापी मूळची इथली नाही, आफ्रिकेतली. पण उजनीत ती अशी माजली की जाळ्यात दुसरं फारसं काही येत नाही असं मच्छीमार सांगतात. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून, पवनेतून भीमेत येतं आणि इथे साठतं. काही ठिकाणी पाण्याला हिरवा तवंग होता. असल्या पाण्यात नाजूक मासे जगत नाहीत, चिलापी जगते. जवळच्या भिगवणचा मासळी बाजार मोठा आहे, आणि महामार्गावरच्या ढाब्यांच्या पाट्यांवर मटणाच्या आधी चिलापीचं नाव. सासूबाई माळकरी. त्यांच्यासाठी पिठलं केलं होतं. त्यांनी यजमानीणबाईंना माहेरचं नाव सांगितलं, त्या बाईंनी कोणातरी नातेवाइकाचं नाव घेतलं, आणि पिठल्यावर लोणी आलं.

परतीची वाट सिद्धटेकवरून धरली. अष्टविनायकांतला नगर जिल्ह्यातला हा एकच, कर्जत तालुक्यात, भीमेच्या काठी, उजव्या सोंडेचा. गाभारा अहिल्याबाई होळकरांनी बांधलेला, आणि त्यांचं जन्मगाव चोंडी इथून फार लांब नाही, शेजारच्या जामखेड तालुक्यात. पूर्वी दौंडकडून येणाऱ्या भक्तांना शिरापूरला उतरून होडीनेच नदी ओलांडावी लागे. आता पूल आहे. इथे टेकडीसकट प्रदक्षिणा घालायची म्हटली तर पाय दुखतात, म्हणून आम्ही ती देवळातच आटोपली. सासूबाई मात्र घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत गेल्या, ओंजळ भरली, वास घेतला आणि हात झटकून वर आल्या. ह्यांनी विचारलं, "काय झालं?" त्या म्हणाल्या, "काही नाही. पाय धुवायच्या लायकीचं आहे, तोंड नको."

श्रीगोंद्याच्या रस्त्याला लागेपर्यंत ऊन उतरलं होतं आणि पुढे उसाचे ट्रॅक्टर होते. गळीत हंगाम अजून चालू होता. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, गच्च भरलेल्या, मागे रिफ्लेक्टरचा पत्ता नाही आणि चालकाच्या डोक्यावर स्पीकर. हा ऊसही धरणांच्याच पाण्यावरचा. माळावर ज्वारी, पाण्याजवळ ऊस, असा आमच्या तालुक्यांचा सरळ हिशेब आहे. ह्यांनी तीनदा हॉर्न दिला. चालकाने हात बाहेर काढून 'जा' अशी खूण केली, पण जायला जागा कुठे होती? मागच्या सीटवर दोघं पोरं भांडत होती की काळवीट जास्त जोरात पळतं का रोहित. शेवटी सासूबाईंनी निकाल दिला की दोघांपेक्षा हा ट्रॅक्टरवाला बेफिकीर आहे, आणि पाण्याची बाटली मागितली.